नासाशोथ : आकलन आणि व्यवस्थापन
(गिरगाव, दादर, परळ व लालबाग या परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात ‘जरा सर्दी झाली आहे’ हे वाक्य ऐकू आले नाही असा आठवडा शैक्षणिक वर्षात विरळाच. हे वाक्य उच्चारणारा पुढे काही सांगत नाही आणि ऐकणाराही काही विचारीत नाही. कोणाच्या तरी पर्समधून एखादी गोळी पुढे केली जाते, तासाची घंटा होते आणि विषय संपतो. सर्दी हा आजार नव्हेच, ती ज्याच्या त्याच्या प्रकृतीची एक खोड आहे, अशी आपली सर्वसाधारण धारणा असते. प्रस्तुत लेखाचा रोख या धारणेवर आहे. ‘सर्दी’ या एकाच शब्दाने आपण निदान चार निरनिराळ्या विकारांचा निर्देश करतो आणि त्या चारही विकारांवर एकच उपाय करतो. त्यातून मूळ विकार तर बरा होत नाहीच, पण पुष्कळदा उपायच नवा विकार होऊन बसतो.

लेखिका भूगोलाची अध्यापक आहे, वैद्यकाची नव्हे. त्यामुळे येथे औषधांची चर्चा असली तरी ती कोणालाही दिलेली औषधयोजना नाही. तथापि हवा, आर्द्रता, धूळ व वस्ती हे भूगोलाच्या कक्षेतील विषय आहेत, आणि लालबागमध्ये वाढलेल्या व गेली काही वर्षे वर्गात शिकविणाऱ्या व्यक्तीला नाकाविषयी काही अनुभव सांगण्याचा अधिकार असावा.

नाकाचे कार्य

नाक म्हणजे केवळ हवा आत जाण्याचे द्वार नव्हे. प्रौढ मनुष्य दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. ही हवा फुप्फुसांपर्यंत पोहोचण्यापूर्वी ती उबदार व दमट करणे आणि तिच्यातील धूलिकण अडविणे ही कामे नाक करते. नाकाच्या आतील भिंतींवर पन्हाळीसारखी वळलेली हाडे असून त्यांवर रक्तवाहिन्यांनी समृद्ध असे श्लेष्मल पटल असते. या पटलावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो आणि त्याखालील अतिसूक्ष्म रोमके तो थर, त्यात अडकलेल्या कणांसह, सतत घशाकडे ढकलीत राहतात. या श्लेष्मल पटलाला दाह होऊन सूज येणे म्हणजे नासाशोथ. शिंका, पाण्यासारखा स्राव, खाज आणि नाक चोंदणे ही त्याची चार प्रमुख लक्षणे. यांपैकी कोणते लक्षण अधिक ठळक आहे यावरून विकाराचा प्रकार बऱ्याच अंशी ओळखता येतो.

‘सर्दी’ या शब्दाआड

पहिला प्रकार संसर्गजन्य. तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. घसा खवखवतो, अंग मोडून येते, क्वचित ताप येतो आणि सात ते दहा दिवसांत तो आपोआप ओसरतो. या सर्दीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्राव घट्ट व पिवळसर-हिरवा होतो. रंग बदलला म्हणजे जिवाणूंचा संसर्ग झाला, असा समज सार्वत्रिक असला तरी तो चुकीचा आहे. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतील द्रव्यांमुळे येतो. दहा दिवसांनंतरही उतार न पडणे, किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप व चेहऱ्यात ठणका सुरू होणे, ही लक्षणे असल्यासच डॉक्टर प्रतिजैविकाचा विचार करतात. अनेक प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून २०१४ साली ‘एच-१’ ही अनुसूची लागू झाली. तरीही ‘मागच्या वेळची उरलेली’ प्रतिजैविके आपल्या घरांतून फिरत असतातच.

दुसरा प्रकार ॲलर्जीजन्य. मराठी विश्वकोशाने ॲलर्जीला ‘अधिहर्षता’ असा प्रतिशब्द दिला आहे. तो बोलीत रुजला नाही, पण त्यात अर्थ नेमका आहे. निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून शरीराने अवाजवी उत्साहाने दिलेला तो प्रतिसाद होय. यात ताप नसतो. सकाळी उठताच एकापाठोपाठ शिंकांची माळ लागते, नाकाला, डोळ्यांना व टाळ्याला खाज सुटते, पाणी वाहते. ‘मला बाराही महिने सर्दी असते’ असे म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचा विकार हा असतो.

तिसरा प्रकार क्षोभजन्य. यात ॲलर्जीचा संबंध नसतो. धूर, उग्र वास, तिखट, थंड हवेचा झोत यांनी नाकातील मज्जातंतू थेट चेतविले जातात. चौथा प्रकार औषधजन्य असून त्याची हकिगत पुढे सविस्तर येईल. श्लेष्मल पटल झडत जाऊन दुर्गंधी येणारा, ज्याला जुनी माणसे पिनस म्हणत, तो विकार निराळा व आता तुलनेने विरळ आहे.

हे वर्गीकरण आधुनिक असले तरी कारणांचा शोध जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सव्विसाव्या अध्यायात प्रतिश्यायाची जी कारणे दिली आहेत, त्यांत धूळ, ऋतूंचे वैषम्य आणि क्रोध यांच्याबरोबर अतिभाषणाचाही समावेश आहे. दिवसाला चार-पाच तास व्याख्याने देणाऱ्या वर्गाने ही यादी एकदा डोळ्यांखालून घालण्यासारखी आहे. पाश्चात्त्य वैद्यकात जॉन बोस्टॉक या डॉक्टरने १८१९ मध्ये उन्हाळी सर्दीचे जे पहिले व्यवस्थित वर्णन केले, त्यातील रुग्ण तो स्वतःच होता. त्याला हा उष्णतेचा परिणाम वाटला. परागकण हे कारण चार्ल्स ब्लॅकली याने १८७३ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखविले. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने १९०६ मध्ये योजला, आणि ज्या प्रतिपिंडामुळे हे सारे घडते तो ‘आयजी-ई’ १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात इशिझाका दांपत्याने अमेरिकेत व योहान्सन-बेनिक यांनी स्वीडनमध्ये स्वतंत्रपणे शोधला. हा प्रतिपिंड मास्ट पेशींवर चिकटून बसलेला असतो. ठरावीक प्रथिन समोर येताच त्या पेशी फुटून हिस्टामिन बाहेर पडते आणि काही मिनिटांत शिंका सुरू होतात. काही तासांनी दाहाची दुसरी लाट येते व नाक चोंदते. पहिल्या लाटेवर गोळीचा उपयोग होतो, दुसरीवर फारसा होत नाही. ‘गोळी घेऊनही नाक बंदच’ या तक्रारीचे मूळ येथे आहे.

गिरणगावातील धूळ

परळ-लालबागच्या श्वसनविकारांचा इतिहास लिहावयाचा तर तो कापसाच्या धुळीपासून सुरू करावा लागेल. लेखिकेचे आजोबा एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. पाळीवरून परत आल्यावर त्यांच्या भुवयांवर व कानांवर कापसाची लव असे आणि घरात येण्यापूर्वी गॅलरीत उभे राहून ते बराच वेळ नाक शिंकरीत. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी होते, हा त्यांचा व त्यांच्या सोबत्यांचा नेहमीचा अनुभव होता. वैद्यकात या फुप्फुसविकाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याचे कारण कापसाचा तंतू नसून कापसाच्या कचऱ्यावरील जिवाणूंची विषद्रव्ये हे असल्याचे मानले जाते. आजोबा मात्र त्यालाही ‘सर्दी’च म्हणत. एका शब्दाने किती गोष्टी झाकल्या जातात याचे लेखिकेला माहीत असलेले हे पहिले उदाहरण.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील हवा व आरोग्य यांची जी पाहणी केली, तीत हवेतील सल्फर डायऑक्साइडच्या पातळीनुसार लालबाग, चेंबूर व खार या वस्त्या निवडून त्यांची तुलना ग्रामीण भागाशी करण्यात आली होती. त्या पाहणीची एक विशेषता अशी की, खोकला व धाप यांच्याबरोबरच ‘वारंवार सर्दी’ हीही स्वतंत्र नोंद मानली गेली. लालबाग व चेंबूर येथे तिचे प्रमाण खार व ग्रामीण भागापेक्षा ठळकपणे अधिक आढळले. सर्दी ही व्यक्तीच्या प्रकृतीची खोड असती, तर ती वस्तीप्रमाणे बदलली नसती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, गिरण्यांचे भोंगे हळूहळू थांबले आणि चिमण्या उतरल्या. कापसाची धूळ गेली. तिची जागा घेतली ती जुनी बांधकामे पाडण्याच्या व नवी उभी करण्याच्या धुळीने. गिरण्यांच्या जमिनींवरील मनोरे, बीडीडी चाळींचा पुनर्विकास, गिरगाव-काळबादेवीखालून गेलेली भुयारी मेट्रो (तिचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला) या साऱ्यांनी गेल्या दशकात या परिसराच्या हवेत सिमेंट व माती मिसळली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे लावणे, कापडाने झाकणे, पाणी फवारणे यांविषयी नियम घालून दिले. नियम पाळला जात आहे की नाही, हे ओळखण्यासाठी आपल्या खिडकीच्या गजांवरून बोट फिरविणे पुरेसे आहे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. सिमेंटची धूळ, शिवाजी पार्कच्या मैदानावरील लाल माती, ज्याविषयी दादरकर वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत, किंवा वर्गातील खडूची भुकटी, हे खनिज पदार्थ आहेत. त्यांत प्रथिन नसते, म्हणून त्यांची खरी ॲलर्जी सहसा होत नाही. ते नाकाला घासतात, कोरडे करतात, क्षोभ उत्पन्न करतात, आणि आधीच ॲलर्जी असलेल्या नाकात दाह वाढवितात. (काही ‘धूळविरहित’ खडूंत दुधातील केसीन हे प्रथिन असते आणि दुधाची ॲलर्जी असणाऱ्या मुलांना त्यापासून त्रास झाल्याचे स्पेनमधील डॉक्टरांनी २०१३ मध्ये नोंदविले आहे. पण हा अपवाद होय.) ‘मला खडूची ॲलर्जी आहे’ असे म्हणणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांची ॲलर्जी बहुधा घरच्या गादीत असते. खडू फक्त तिला वर्गात बोलती करतो.

या भेदाचे सर्वांत चांगले प्रात्यक्षिक लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मे महिन्यांत पाहावयास मिळते. वर्षाच्या मसाल्यासाठी बेडगी, पांडी, संकेश्वरी मिरच्या घेऊन बायका येतात, मिरच्या भाजल्या जातात, डंक्यावर कुटल्या जातात, आणि गल्लीतून जाणारा प्रत्येकजण शिंकतो. प्रत्येकजण, हे महत्त्वाचे. मिरचीतील कॅप्सेसिन नाकातील वेदनावाहक तंतूंना थेट चेतविते, त्यासाठी पूर्वीच्या कोणत्याही संवेदनक्षमतेची गरज नसते. गल्लीबाहेर पडल्यावर थोड्याच वेळात नाक पूर्ववत होते. याउलट माळ्यावरून जुनी गोधडी काढल्यावर घरातील पाच माणसांपैकी एकच शिंकतो आणि त्याचे नाक संध्याकाळपर्यंत बंद राहते. पहिला क्षोभ, दुसरी ॲलर्जी. लेखिकेने आईबरोबर मसाला करण्यासाठी ती गल्ली अनेकदा गाठली आहे, आणि वर्गात कारण व निमित्त यांतील फरक समजावताना ती या उदाहरणाचा उपयोग करते.

दादरच्या फुलबाजाराविषयीही असाच एक गैरसमज आहे. दिसणारे, भडक, सुवासिक फूल हे बहुधा कीटकांसाठी असते. त्याचे पराग जड व चिकट असतात आणि हवेत फारसे उडत नाहीत. पीडा देतात ते वाऱ्यावर जाणारे, न दिसणाऱ्या फुलांचे पराग : गवते, आणि १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंद झालेले गाजरगवत. मात्र झेंडू व शेवंती ही गाजरगवताच्याच कुळातील असल्यामुळे पहाटेपासून ती हाताळणाऱ्या विक्रेत्यांना त्यांचीही ॲलर्जी जडू शकते. बाजारातून सहज जाणाऱ्याला जो त्रास होतो तो बहुतांशी उग्र वासाचा.

आणखी एक विषय येथे ओघाने येतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकण्यात आला तेव्हा जी चर्चा झाली, तीत कबुतरे व सर्दी यांची बरीच सरमिसळ झाली. कबुतरांच्या विष्ठेतील व पिसांवरील प्रथिनांनी होणारा गंभीर विकार फुप्फुसांचा आहे, नाकाचा नव्हे. त्यात शिंका नसतात. कोरडा खोकला व वाढती धाप असते. ज्याच्या खिडकीत कबुतरे आहेत आणि ज्याला जिना चढताना धाप लागू लागली आहे, त्याने सर्दीची गोळी घेत बसू नये.

मुंबईच्या नाकाचे दोन ऋतू

युरोपीय पुस्तकांत ॲलर्जीजन्य नासाशोथाचे ‘हंगामी’ व ‘बारमाही’ असे दोन प्रकार दिलेले असत. मुंबईला वसंतातील परागांचा असा स्पष्ट हंगाम नाही. ‘आरिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने २००१ मध्ये ही विभागणी बाजूला सारून लक्षणांच्या कालावधीवर आधारलेली विभागणी सुचविली, ती आपल्याला अधिक सोयीची आहे. आठवड्यातून चारहून अधिक दिवस आणि सलग चारहून अधिक आठवडे लक्षणे असतील तर विकार चिवट, अन्यथा अधूनमधूनचा. झोप, काम किंवा अभ्यास बिघडत असेल तर मध्यम ते तीव्र, नसेल तर सौम्य. उपचार यावरून ठरतो.

तरीही मुंबईच्या नाकाला दोन ऋतू आहेत, असे लेखिकेचे निरीक्षण आहे. पहिला ओला. पावसाळ्यात हवेतील धूलिकण धुऊन निघतात, परंतु सापेक्ष आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. भिंतींना ओल येते, कपाटामागे बुरशी धरते, आणि गाद्या-उशांतील धूळकिडे वाढतात. हे किडे सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर लांबीचे, डोळ्यांना न दिसणारे, माणसाच्या त्वचेच्या गळून पडणाऱ्या कोंड्यावर जगणारे. नेदरलंड्समधील लायडन येथील व्होरहोर्स्ट व स्पिक्स्मा यांनी १९६४च्या सुमारास घरातील धुळीच्या ॲलर्जीचे मूळ त्यांच्यात असल्याचे दाखविले. ॲलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांची होते. हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतील बाष्प शोषून घेतात. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली गेली की ते सुकून मरतात. मुंबईत ती क्वचितच तितकी खाली राहते. १६० चौरस फुटांच्या खोलीत सहा माणसांच्या गाद्या दिवसा एकावर एक रचून ठेवाव्या लागतात, तेथे त्यांना याहून चांगले घर कोणते? दुसरा ऋतू कोरडा. ऑक्टोबरनंतर वारा मंदावतो, रात्री थंड हवा जमिनीलगत साठून राहते, धूर व धूळ वर जात नाही, आणि फेब्रुवारीपर्यंत हवा वर्षातील सर्वांत वाईट असते. दिवाळीचे फटाके आणि त्याआधीची माळ्यावरची साफसफाई या ऋतूच्या दारातच येते.

आपला ऋतू कोणता हे कळण्यासाठी साधी वही पुरते. लेखिकेने आठ महिने अशी वही ठेवली : तारीख, शिंका केव्हा, नाक बंद केव्हा, त्या दिवशी काय केले. तिला ग्रंथालयातील जुन्या बांधणीचे खंड जबाबदार वाटत होते. वहीने सांगितले की त्रास ग्रंथालयाच्या दिवशी नव्हे तर रोज पहाटे, उशीवरच, सुरू होतो. नंतर केलेल्या त्वचा-चाचणीत धूळकिड्यांचाच फोड मोठा उठला. त्वचा-चाचणी किंवा रक्तातील विशिष्ट आयजी-ई यांचा अर्थ अशा नोंदींशी ताडूनच लावावा लागतो. चाचणी सकारात्मक असूनही त्रास नसणारी माणसे पुष्कळ असतात.

थेंबांचे व्यसन

आता औषधजन्य प्रकाराकडे वळता येईल. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन यांचे थेंब नाकातील रक्तवाहिन्या आकुंचित करतात आणि काही मिनिटांत नाक मोकळे होते. पाच दिवसांपलीकडे ते वापरल्यास परिणाम ओसरताच वाहिन्या पूर्वीपेक्षा अधिक फुगतात, पुन्हा थेंब घ्यावे लागतात, आणि दोन मात्रांमधील अंतर कमी होत जाते. लेखिकेने एम.फिल.च्या प्रबंधाच्या काळात हे थेंब सुरू केले. ते जवळजवळ तीन वर्षे चालले. बाटली पर्समध्ये, बाटली उशाशी, एक प्राध्यापक-कक्षातील खणात. तास सुरू होण्यापूर्वी हजेरीपटाबरोबर थेंब, आणि एकदा बाटली घरी राहिली म्हणून रजा. दुकानदाराने कधी विचारले नाही आणि लेखिकेने कधी सांगितले नाही, कारण यात सांगण्यासारखे काही आहे असेच तिला वाटत नव्हते. अखेर नाकाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘थेंब किती दिवस?’ हाच. ते थेंब आधी एका नाकपुडीत बंद करविले, दुसरीने श्वास चालू राहू दिला, सोबत स्टेरॉइडचा फवारा दिला, आणि दहा-बारा दिवसांनी दुसरीकडचेही थांबविले. पहिल्या तीन रात्री बसून काढाव्या लागल्या. ज्यांच्या खणात अशी बाटली आहे असे सहकारी प्रत्येक महाविद्यालयात निघतील, असे लेखिकेचे अनुमान आहे.

व्यवस्थापन

कारण टाळणे हा पहिला उपाय म्हणून सांगितला जातो आणि तो बरोबरही आहे, परंतु त्याच्या मर्यादा प्रामाणिकपणे सांगावयास हव्यात. धूळकिडे आत-बाहेर करू शकणार नाहीत अशा गादीच्या खोळी पुष्कळ विकल्या जातात. २००३ मध्ये नेदरलंड्समध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा खोळींनी किड्यांचे प्रमाण घटले, पण नासाशोथाची लक्षणे घटली नाहीत. एकच उपाय करून भागत नाही, असा याचा अर्थ. चादरी व अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात धुणे, गाद्या कडक उन्हात तापविणे, झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, पलंगाखालची गाठोडी हलविणे, ओलसर भिंतीपासून कपाट हातभर पुढे घेणे, डासांची कॉइल व उदबत्ती झोपण्याच्या खोलीत न लावणे, हे सारे एकत्र केल्यास फरक पडतो. भाड्याच्या एका खोलीत यांतील निम्मेही जमत नाही, हे लेखिकेला ठाऊक आहे.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा स्वस्त व उपयुक्त उपाय आहे. आपल्या परंपरेतील जलनेती ती हीच. लोणावळ्याच्या कैवल्यधामाने व त्याच्या मरीन ड्राइव्हवरील केंद्राने शुद्धिक्रिया म्हणून तिचा प्रसार केला. पाव लिटर पाण्यात साधारण अर्धा लहान चमचा मीठ घ्यावे. पाणी मात्र उकळून कोमट केलेलेच हवे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाचे पाणी नेतीसाठी वापरल्याने मेंदूत शिरणाऱ्या अमीबाचा संसर्ग होऊन दोन व्यक्ती दगावल्या होत्या. वाफाऱ्याने तात्पुरते बरे वाटते. बामातील मेंथॉल तर नाक मोकळे करीतच नाही, ते थंडाव्याची जाणीव करून देऊन मोकळे झाल्याचा भास निर्माण करते. भासालाही किंमत असते, परंतु लहान मुलांजवळ उकळत्या पाण्याचे पातेले ठेवण्याइतकी नव्हे.

गोळ्यांत हिस्टामिनविरोधी औषधांचा जुना वर्ग (क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन) मेंदूत शिरतो व गुंगी आणतो. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन यांसारखी नवी औषधे फारशी आणत नाहीत. सेटिरिझिन मधोमध येते. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत असणाऱ्या फिनाइलएफ्रिन या द्रव्याचा पोटातून घेतल्यास चोंदलेल्या नाकावर उपयोग होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भारतीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन व फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना न देण्याची सूचना वेष्टनावर छापावयास सांगितले. आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या मॉन्टेलुकास्ट या औषधाबाबत अमेरिकेत २०२० पासून मानसिक दुष्परिणामांचा ठळक इशारा आहे. झोपेतील बदल, चिडचिड किंवा खिन्नता आढळल्यास डॉक्टरांना सांगावे.

चिवट व तीव्र ॲलर्जीजन्य नासाशोथात सर्वांत परिणामकारक ठरतो तो नाकातील स्टेरॉइडचा फवारा : फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड. ‘स्टेरॉइड’ या शब्दाच्या धसक्याने तो घरोघरी अर्धवट टाकला जातो. फ्लुटिकासोन व मोमेटासोन यांचा रक्तात उतरणारा अंश अत्यल्प असतो. नाकातून किंचित रक्त येणे हा नेहमीचा दुष्परिणाम, आणि तो बहुधा फवारा मधल्या पडद्यावर मारल्याने होतो. डोके किंचित पुढे झुकवावे, उजव्या हाताने डाव्या व डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, टोक बाहेरच्या बाजूला, कानाकडे रोखून फवारावे आणि जोराने हुंगू नये. पूर्ण परिणाम दिसण्यास दोन आठवडेही लागतात. थेंबांची सवय असलेला मनुष्य तिसऱ्या दिवशी ‘हे काही लागू पडत नाही’ म्हणून तो सोडतो, हे लेखिकेने स्वतः एकदा केले आहे. एवढ्यानेही भागले नाही तर ज्याची ॲलर्जी त्याच्याच वाढत्या मात्रा देण्याची पद्धत आहे. लंडनच्या लेनर्ड नून यांनी ती १९११ मध्ये मांडली. ती सुमारे तीन वर्षे चालते, आणि इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे लागते, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येते.

नाक व फुप्फुसे हा एकच मार्ग आहे. दम्याच्या बहुसंख्य रुग्णांना नासाशोथ असतो, आणि नाकाकडे दुर्लक्ष केल्यास दमा आटोक्यात राहत नाही. पुढील लक्षणांत मात्र घरगुती उपाय करीत बसू नये : एकाच बाजूचे नाक सतत बंद राहणे किंवा त्यातून रक्त येणे, डोक्याला मार लागल्यानंतर एका बाजूने स्वच्छ पाणी गळणे, लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव (बहुधा आत मणी किंवा शेंगदाणा अडकलेला असतो), आणि मधुमेही व्यक्तीच्या चेहऱ्यावर सूज, बधिरता किंवा नाकात काळी खपली. २०२१ मध्ये महाराष्ट्राने काळ्या बुरशीची जी साथ पाहिली, तिची सुरुवात अनेकांत चोंदलेल्या नाकाने झाली होती.

वर्ग आणि परीक्षा

ब्रिटनमध्ये १५ ते १७ वर्षे वयाच्या १,८३४ विद्यार्थ्यांच्या परीक्षांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. हिवाळ्यातील सराव परीक्षेच्या तुलनेत उन्हाळ्यातील अंतिम परीक्षेत श्रेणी घसरण्याची शक्यता नासाशोथाची लक्षणे असलेल्या विद्यार्थ्यांत सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होती, आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत सुमारे ७० टक्क्यांनी. आपल्याकडे पहिल्या सत्राच्या परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे कोरड्या ऋतूच्या तोंडावर, येतात. कनिष्ठ पर्यवेक्षक म्हणून काम करताना लेखिकेने एका मुलाला दुसऱ्या तासाला उत्तरपत्रिकेवर डोके टेकून झोपलेले पाहिले. उठविल्यावर त्याने सांगितले की, नाक गळून पेपर भिजू नये म्हणून घरून निघताना त्याने गोळी घेतली होती. कोणती, हे त्याला ठाऊक नव्हते. पाकीट आईने फाडून दिले होते. त्यानंतर दरवर्षी परीक्षेच्या पंधरवडाभर आधी लेखिका आपल्या वर्गात दोन गोष्टी सांगते. गोळी लागणार असेल तर ती कोणती हे डॉक्टरांकडून आताच ठरवून घ्या आणि एखाद्या रविवारी घेऊन पाहा, परीक्षेच्या सकाळी प्रथमच नको. आणि ज्यांना पंख्याखाली किंवा बांधकामाच्या बाजूच्या खिडकीशी बसल्यास त्रास होतो त्यांनी आसनव्यवस्था लागण्यापूर्वी अर्ज द्यावा. गेल्या वर्षी असे सात अर्ज आले. त्यांपैकी पाच मंजूर झाले.